सैनिक कुटुंबाचा पैसा: कोणत्या हक्कासाठी कोणते दार

फौजेतून नुकत्याच घरी आलेल्या जवानाची, किंवा अचानक एकट्या पडलेल्या वीरपत्नीची पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त दमछाक होते ती एका समजामुळे. सरकार म्हणजे एकच खिडकी, असे वाटते. मग पेन्शनची तक्रार सैनिक बोर्डात जाते, मुलीच्या शिष्यवृत्तीची चौकशी बँकेत होते आणि दवाखान्याचे बिल रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवले जाते. तिथले लोक मदत करायला तयार असतात, पण तो पैसा त्यांच्या हातात नसतो. म्हणून आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या.

पेन्शनचा पैसा संरक्षण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून येतो. २०२५-२६ मध्ये मंत्रालयाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये होती आणि त्यातले १,६०,७९५ कोटी केवळ पेन्शनसाठी होते. देशभरातल्या सुमारे ३४ लाख पेन्शनधारकांचा हा वाटा आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा केलेल्या सेवेचा मोबदला आहे. नोंद बरोबर असेल तर तो आपोआप खात्यात येतो. मंजुरी आणि वाटप दोन्ही प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून, 'स्पर्श' या प्रणालीवर होते. माजी सैनिकांच्या उपचारांसाठीची ईसीएचएस योजना त्याच मंत्रालयाची, पण तिची तरतूद वेगळी, कार्यालये वेगळी, कार्डही वेगळे.

मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, वृद्धापकाळ यांसाठी मिळणारी अनुदाने मात्र अर्थसंकल्पातून येत नाहीत. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निमित्ताने लोक जी देणगी देतात, त्या निधीतून दिल्लीचे केंद्रीय सैनिक बोर्ड ही अनुदाने देते. इथे अर्ज करावा लागतो, हुद्द्याची मर्यादा असते, मुदत असते. चौथे दार राज्य शासनाचे: पुण्यातला सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्यातले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. गावाकडे त्याला आजही 'सैनिक बोर्ड'च म्हणतात. आणि सेवेत असताना पगारातून कापला जाणारा ग्रुप इन्शुरन्स हा जवानाच्या स्वतःच्या वर्गणीचा पैसा. तो नामनिर्देशनाप्रमाणे जातो, पेन्शनच्या नियमांप्रमाणे नाही.

पहिले काम: नावे आणि तारखा

अडकलेल्या प्रकरणांच्या मुळाशी बहुतेक वेळा पैशाची कमतरता नसते, नावातला फरक असतो. मराठी घरांत हा फरक विशेष दिसतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, भरतीच्या वेळी लिहिलेल्या नावात वडिलांचे नाव गाळलेले, आधारवर तिन्ही नावे. बायकोच्या बाबतीत गुंता अधिक वाढतो. माहेरचे नाव 'सुमन', सासरचे 'सुनंदा', मतदार यादीत 'सुनंदाबाई', आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटने काढलेल्या नोंदीच्या आदेशात, जे कोणी लिहिले ते. जवान हयात असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर पीपीओवरचे (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचे) नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, आणि फॅमिली पेन्शन महिनोन् महिने सुरू होत नाही.

एक कागद घ्या आणि पाच रकाने आखा: डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक), पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक. प्रत्येक रकान्यात स्वतःचे नाव, पत्नीचे नाव, दोघांच्या जन्मतारखा आणि मुलांची नावे जशी छापली आहेत तशीच, अक्षर न् अक्षर उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करा.

दुरुस्ती कुठे करायची हे फरकाच्या जागेवर ठरते. आधार किंवा बँकेतली चूक असेल तर तीच आधी सुधारा, ते काम सोपे असते. पीपीओ किंवा डिस्चार्ज बुकातली चूक फक्त तुमचे रेकॉर्ड ऑफिस सुधारू शकते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी शिफारस करू शकतात, नोंद बदलू शकत नाहीत. महाराष्ट्रातल्या जवानांची रेकॉर्ड ऑफिसे बरीच विखुरलेली आहेत: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलाच्या जवानांच्या दिल्लीत सुब्रतो पार्कला असतात. अर्जासोबत आधार, पॅन, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत पोस्टाने पाठवू नका, साक्षांकित प्रत पाठवा. दुरुस्ती झाली की सुधारित पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. तो हातात येईपर्यंत काम झाले असे मानू नका.

पत्नीची जन्मतारीख हा वेगळा मुद्दा. जुन्या पीपीओंवर ती बहुतेक वेळा नसतेच. पेन्शनधारकाला, आणि फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीलाही, वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ व्या वर्षी ती ३० टक्के होते, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५०, आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के. नोंदीत जन्मतारीखच नसेल तर प्रणालीला वय कळत नाही आणि ही वाढ लागत नाही. घरात सत्तरीच्या पुढची आजी पेन्शन घेत असेल तर तिच्या पीपीओवर जन्मतारीख आहे का, ते याच आठवड्यात पाहा.

दिव्यांग मूल असेल तर त्याचे नाव आईवडील हयात असतानाच पीपीओत घालून घ्या. अशा मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. पण आईवडिलांच्या मागे ते सिद्ध करणे काका-मामांना फार जड जाते.

डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका. त्यात पुढेही नोंदी होतात, शिक्के बसतात.

स्पर्श: खाते उघडणे आणि दरवर्षीचा दाखला

निवृत्तीनंतर पेन्शन मंजूर झाली की नोंदवलेल्या मोबाइलवर स्पर्शचे वापरकर्ता नाव आणि तात्पुरता पासवर्ड येतो. मोबाइल क्रमांक युनिटच्या क्लार्कचा किंवा बंद पडलेल्या सिमचा दिलेला असला तर सगळे तिथेच थांबते. म्हणून डिस्चार्जच्या कागदपत्रांवर पुढची दहा वर्षे टिकणारा, स्वतःच्या नावावरचा क्रमांक द्या.

पहिल्यांदा आत शिरल्यावर माहितीची पडताळणी करायला सांगतात. ही पायरी घाईत उरकू नका. हुद्दा, ग्रुप (वेतनगट), सेवेची वर्षे, पेन्शनचा प्रकार, कम्युटेशनची (पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेतल्याची) तारीख आणि पत्नीचे नाव नीट वाचा. चुकीला 'मान्य' म्हटले तर पुढे तीच चूक तुमच्या संमतीने नोंदली गेली असे धरले जाते. पीपीओ आणि एका महिन्याची पेन्शन स्लिप छापून फाइलला लावा.

बँकेत पत्नीसोबत जोडखाते ठेवा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचे. पेन्शनधारकाच्या मागे त्याच खात्यात फॅमिली पेन्शन येऊ शकते, नवे खाते उघडण्याची गरज पडत नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन थांबते. नंतर दिला तर थकबाकीसह सुरू होते, पण मधल्या काळात घर कशावर चालणार? जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर दाखला भरताना मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या जागी 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वाटप करणाऱ्या संस्थेच्या जागी 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचे. शहराचे नाव बदलले, यादीतले जुनेच राहिले. कित्येक जण सवयीने जुन्या बँकेचे नाव निवडतात. दाखला 'तयार झाला' असा संदेश येतो, पण तो स्पर्शपर्यंत पोहोचतच नाही.

आणखी तीन ठिकाणी हा दाखला फसतो. पेन्शनचा प्रकार विचारतात तिथे वीरपत्नीने 'फॅमिली' निवडायला हवे, 'सर्व्हिस' नाही. पुनर्विवाह आणि पुनर्नियुक्तीच्या प्रश्नांवर सेवा केंद्रातल्या मुलाने न विचारता 'हो'वर टिचकी मारली तर पेन्शन अडते, म्हणून बटण दाबण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. आणि दोन पेन्शन असतील, म्हणजे सैन्याची एक आणि नंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरची दुसरी, किंवा स्वतःची एक आणि पतीची फॅमिली पेन्शन दुसरी, तर प्रत्येक पीपीओसाठी वेगळा दाखला द्यावा लागतो. शेतात आयुष्य गेलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उठत नाहीत. त्यांच्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे, ती मागून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पोस्टमन थोडे शुल्क घेऊन घरी येऊन हे काम करतो.

पेन्शनची रक्कम बरोबर आहे का

पेन्शनसाठी जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) किमान १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. मूळ पेन्शन शेवटच्या हिशेबी वेतनाच्या, म्हणजे पेन्शन मोजताना धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या, ५० टक्के असते. या वेतनात मिलिटरी सर्व्हिस पे धरला जातो, जवान व जेसीओंसाठी तो ५,२०० रुपये आहे. दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी मूळ पेन्शन असू शकत नाही.

निवृत्तीच्या वेळी मूळ पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, हेच कम्युटेशन. समजा मूळ पेन्शन २४,००० आहे आणि निम्मी कम्यूट केली. मग हातात दरमहा १२,००० मूळ येतील, पण महागाई सवलत पूर्ण २४,००० वरच मिळेल. ती १२,००० वर लागलेली दिसली तर तक्रार करा. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. तो महिना आत्ताच घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा आणि त्या महिन्याची स्लिप आवर्जून तपासा.

वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी तिची फेरआखणी होते. आतापर्यंत १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून ती झाली. सरकारी तक्त्यातली तुमच्या हुद्द्याची आणि सेवेच्या वर्षांची रक्कम स्लिपवरच्या मूळ पेन्शनशी ताडून पाहा. तक्त्यात ग्रुप आणि सेवेची वर्षे चुकीची पकडली गेली की दरमहा काही शे रुपयांचा फरक पडतो, आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

सेवेत मृत्यू झाला तर

हा भाग लिहिताना हात जड होतो, पण कुटुंबाला याची माहिती आधी असणे फार गरजेचे आहे. पुढच्या आयुष्यभराची पेन्शन मृत्यूची नोंद कशी झाली यावर ठरते.

मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल, तर साधी फॅमिली पेन्शन मिळते: हिशेबी वेतनाच्या ३० टक्के. पण सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली १० वर्षे ती वाढीव दराने, म्हणजे ५० टक्के असते. सेवेमुळे झालेला आजार किंवा कर्तव्यावरचा अपघात असेल तर विशेष फॅमिली पेन्शन, ६० टक्के. युद्धात, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आले असेल तर उदारीकृत फॅमिली पेन्शन, पूर्ण १०० टक्के. हिशेबी वेतन ५०,००० असेल तर याचा अर्थ १५,००० पासून ५०,००० पर्यंतचा फरक. याशिवाय केंद्राची एकरकमी सानुग्रह रक्कम आहे. कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूला २५ लाखांपासून युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेल्या मरणाला ४५ लाखांपर्यंत. राज्य शासनाची मदत त्याहून वेगळी असते आणि तिचा प्रस्ताव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

म्हणून युनिटच्या अधिकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागा: कॅज्युअल्टीची (मृत्यूची) पार्ट टू ऑर्डर, 'बॅटल' (लढाईतली) की 'फिजिकल' (इतर कारणाची) कॅज्युअल्टी याची लेखी नोंद, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिच्या निष्कर्षाची प्रत. शोक ताजा असताना हे मागणे कठीण वाटते. घरातल्या एका शहाण्या नातेवाइकाने ही जबाबदारी उचलावी आणि आई-वडील-पत्नी यांच्यावर हे ओझे टाकू नये.

दुसरी वेदनादायक गोष्ट नामनिर्देशनाची. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असतो, विम्यासाठी आईचे नाव देतो. लग्नानंतर ते तसेच राहते. मग पेन्शन नियमाने पत्नीला आणि विम्याची रक्कम सगळी आईला जाते, आणि दुःखात असलेल्या दोन बायकांमध्ये भिंत उभी राहते. जो जवान आज सेवेत आहे, त्याने पुढच्या सुट्टीआधी युनिटमध्ये जाऊन नामनिर्देशन पाहावे. आईवडील आणि पत्नी दोघांचे हिस्से लिहिता येतात.

पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून काढा, किमान दहा प्रती घ्या. त्यावर नाव पीपीओप्रमाणेच लिहायला सांगा, बोलीतले किंवा गावातले नाव नको. मग स्पर्शवर किंवा त्याच्या सेवा केंद्रात मृत्यू कळवा. सामायिक सेवा केंद्रे, डीपीडीओ (संरक्षण खात्याची पेन्शन वाटप कार्यालये) आणि काही बँकांच्या ठरावीक शाखांत हे काम होते. पत्नीचे नाव पीपीओत आधीपासून असेल तर नवा पीपीओ लागत नाही. मृत्यूचा दाखला, तिचे आधार, पॅन, बँक तपशील आणि फोटो इतक्यावर फॅमिली पेन्शन सुरू होते. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन पतीची, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन.

मृत्यू कळवायला उशीर झाला आणि दरम्यान पूर्ण पेन्शन खात्यात येत राहिली तर ती जादा रक्कम परत वसूल होते. एटीएम कार्ड मुलाच्या हातात असेल तर त्याला स्पष्ट सांगा, त्या पैशाला हात लावू नये.

निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास वाढीव दर ७ वर्षे, किंवा पती हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर मिळतो. त्यानंतर दर उतरतो. रक्कम एकदम कमी झालेली पाहून अनेक वीरपत्नी घाबरतात. स्लिपवर वाढीव दराची शेवटची तारीख लिहिलेली असते, ती आधीच पाहून ठेवा. पत्नी नसेल तर मुलाला २५ वर्षांपर्यंत, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला त्यापुढेही फॅमिली पेन्शन मिळू शकते. घरी परत आलेल्या मुलींना हा हक्क असतो, हे त्यांच्या भावांनाही बऱ्याचदा ठाऊक नसते.

ईसीएचएस

एप्रिल २००३ मध्ये ही योजना सुरू झाली. वर्गणी आयुष्यात एकदाच: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकारी १,२०,०००. युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना ती माफ आहे. कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरतात. पत्नी, २५ वर्षांखालचे आणि न कमावणारे मुलगे, अविवाहित व न कमावणाऱ्या मुली, दिव्यांग मूल आणि अवलंबून असलेले आईवडील यात बसतात. आईवडिलांचे उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई सवलत यापेक्षा कमी असले पाहिजे. वडिलांना स्वतःची पेन्शन असेल तर आधी हे गणित करा, नाहीतर कार्ड रद्द होते.

रोजचा क्रम असा: आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, डॉक्टरला दाखवायचे, गरज असेल तर ते रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी) देतात, आणि त्या रेफरलवर योजनेच्या यादीतल्या खाजगी रुग्णालयात विनारोख उपचार होतात. रेफरल नसताना साध्या कारणासाठी थेट रुग्णालयात गेलात तर साधारणपणे बिल स्वतः भरावे लागते.

तातडीच्या वेळी, म्हणजे हृदयविकार, अपघात, पक्षाघात अशा प्रसंगी रेफरल लागत नाही. यादीतल्या रुग्णालयात जा, कार्ड दाखवा आणि ४८ तासांच्या आत तातडीची नोंद ऑनलाइन झाली का हे काउंटरवर विचारा. ती नोंद करणे रुग्णालयाचे काम आहे, पण विचारणारे कोणी नसेल तर ती राहून जाते. 'स्वखर्चाने उपचार' असा फॉर्म पुढे आला तर सही करण्याआधी पॉलिक्लिनिकला फोन करा. यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर घरच्यांनी ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे. तिथे बिल आधी आपण भरतो, आणि परतावा सरकारी दराने मिळतो. तीन लाखांच्या बिलावर निम्मेसुद्धा हाती येईल याची खात्री नसते. म्हणून घरापासून सर्वात जवळचे यादीतले रुग्णालय कोणते, हे कागदावर लिहून फ्रिजला किंवा दाराला चिकटवून ठेवा.

खोलीचा दर्जा हुद्द्यावर असतो: हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरचा दर्जा मागितलात तर फरक तुमच्या खिशातून जातो.

सैनिक बोर्डातली कामे

गावी आल्यावर पहिल्या महिन्यातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, रहिवासाचा पुरावा, कुटुंबाचे फोटो घेऊन जा आणि माजी सैनिकाचे ओळखपत्र काढा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला ते लागते. पत्नीचे ओळखपत्रही काढून ठेवा. तालुक्याला कल्याण संघटक येतात तो दिवस विचारून घ्या, जिल्ह्याच्या फेऱ्या वाचतात.

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अनुदानांचे दर १ नोव्हेंबर २०२५ पासून दुप्पट झाले आहेत. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरमहा ८,००० रुपये. पहिलीपासून पदवीपर्यंत शिकणाऱ्या दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,००० रुपये. दोन मुलींपर्यंत लग्नासाठी किंवा विधवेच्या पुनर्विवाहासाठी १,००,००० रुपये. ही तिन्ही अनुदाने हवालदार हुद्द्यापर्यंतच आहेत. लग्नाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत करावा लागतो, म्हणून विवाह नोंदणी लांबणीवर टाकू नका. राज्याकडून त्याच कारणासाठी पैसे घेतले असतील तर हे मिळत नाही. अर्ज ऑनलाइन भरतात, मग तो जिल्हा, पुणे, दिल्ली असा जातो. स्कॅन मूळ कागदांचे करा, झेरॉक्सचे नाही. धुरकट स्कॅन हे अर्ज परत येण्याचे सर्वात टाळता येण्यासारखे कारण आहे.

पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी, ती राष्ट्रीय संरक्षण निधीतून येते. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी, दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या. मुलींना महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,०००, मुलांना २,५०० म्हणजे ३०,०००. आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के हवेत. यासाठी तीन जोडपत्रे लागतात: सैनिक बोर्डाचे प्रमाणपत्र, कॉलेजचे बोनाफाइड आणि बँकेचे. तिन्ही ठरलेल्या नमुन्यातच हवीत. कॉलेजने स्वतःच्या लेटरहेडवर काहीतरी वेगळे लिहून दिले की अर्ज मागे येतो. दुसऱ्या वर्षात अर्ज करायचे ठरवलेत तर संधी गेलेली असते, म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच हे सुरू करा. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला ठेवायचे असेल तर सैनिकी मुलांची आणि मुलींची वसतिगृहे आहेत, तिथेही जूनच्या आधी चौकशी हवी.

राज्य शासनाच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. घरपट्टीसाठी बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे. सैनिक बोर्डाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत दिले की स्वतः राहत असलेल्या एका घराचा मालमत्ता कर माफ होतो. जागा मूळ वडिलांच्या नावावर असेल तर आधी फेरफार करून घ्यावा लागतो.

अग्निवीरांचे नियम यातल्या बहुतेक सगळ्याहून वेगळे आहेत. चार वर्षांनंतर त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सुमारे ११.७१ लाखांचा करमुक्त सेवानिधी मिळतो. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो, त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. अग्निवीराच्या घरच्यांनी वरचे नियम आणि आकडे स्वतःला लावून पाहू नयेत. सेवानिधीसाठीचे बँक खाते आणि विम्याचे नामनिर्देशन, या दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्याव्यात.

अडले तर

तक्रार नेहमी लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. पेन्शनची तक्रार आधी स्पर्शवर. तिथे उत्तर आले नाही किंवा न वाचताच बंद केली, तर तो क्रमांक देऊन माजी सैनिक कल्याण विभागाच्या रक्षा पेन्शन शिकायत निवारण पोर्टलवर. दिव्यांगत्वाची पेन्शन नाकारली असेल तर पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे, त्यानंतर दुसरे. तिथेही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत तिथेही मोजली जाते. फार उशिरा गेलात तर पेन्शन मंजूर होते, पण थकबाकी साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते.

आणि एक सावधगिरी. 'स्पर्श बंद होणार आहे, ओटीपी सांगा' किंवा 'हयातीचा दाखला फोनवर करून देतो, हे ॲप घ्या' असे फोन सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी येतात. बोलणाऱ्याला तुमचा हुद्दा आणि जुनी युनिटसुद्धा माहीत असते. पेन्शन कार्यालय ओटीपी मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, मग बँकेला, आणि त्याच दिवशी स्पर्शचा पासवर्ड बदला.